एका चिपसेटची शीतकरण योजना

सर्व संबंधितांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या राहत्या घरातील संगणकाच्या मदरबोर्डवरील चिपसेट नामक तुकडा यापुढे हवेने नव्हे, तर पाण्याने थंड ठेवण्यात येईल. सदर कामात जीवितहानी अपेक्षित नाही. कोणाची हरकत असल्यास ती शुक्रवारच्या दुपारच्या चहापूर्वी लेखी नोंदवावी. त्यानंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

हे निवेदन मी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावलं. संबंधित म्हणजे घरात एकूण एकच होती, माझी बायको. तिने संध्याकाळी त्याखाली पेन्सिलीने 'हरकत आहे' असं लिहिलं आणि त्याच्याही खाली 'दूध, हिंग, सुयांचं पाकीट' असं लिहिलं. मी तिन्ही वस्तू आणल्या. हरकत फेटाळली.

हे सगळं आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसून झालं की दमल्यासारखं होतं. दोन्हीचं कारण एकच आहे, ते पुढे येईल.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात, युटिलिटी खात्यात आहे. युटिलिटी म्हणजे कारखान्याचं मागचं आवार. वाफ, हवा आणि पाणी पुरवणारी माणसं तिथे असतात. माझ्या वाट्याला कूलिंग टॉवर आला. यंत्रांमधून तापून आलेलं पाणी वरून धारांनी खाली सोडायचं, मोठ्या पंख्याने त्याला वारा घालायचा आणि थंड झालं की परत त्याच यंत्रांकडे पाठवायचं. सव्वीस वर्षं मी पाणी थंड करतो आहे. ते दर वेळी गरम होऊन परत येतं. सुताराचं टेबल होतं, गवंड्याची भिंत होते. माझ्या हातून काही झालं असं कधी होतच नाही. पाळी संपली की पुढच्या माणसाला तेच पाणी देऊन मी पाम गावाला, घरी येतो.

घरी पडवीत बायकोचं एम्ब्रॉयडरीचं मशीन. त्याच्या शेजारच्या टेबलावर तो संगणक. ब्लाउजच्या बाह्या, साड्यांचे काठ, लहान मुलांची झबली, असं सगळं तिच्याकडे येतं. पाम, तारापूर, चिंचणी, अगदी वाणगावपर्यंतच्या बायका येतात. फूल आधी संगणकावर काढायचं, मग त्या फुलाचे टाके कुठून सुरू होतील, कुठे वळतील, कुठे धागा तुटेल हे एकेक करून बसवायचं. एक नीट वेल बसवायला तिला दोन दिवस लागतात. लोकांना वाटतं मशीनच सगळं करतं. मशीन फक्त टोचतं.

आता मुख्य अडचण. तिचं टाके बसवायचं सॉफ्टवेअर त्या एका मदरबोर्डाला बांधलेलं आहे. पहिल्यांदा बसवताना त्याने बोर्डाचा नंबर वाचून घेतला, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याही बोर्डावर ते उघडत नाही. ते विकणारा माणूस गुजरातेतून यायचा. त्याचा फोन कित्येक वर्षांत लागलेला नाही. तिच्या फुलांच्या फायली आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या आहेत, पण त्या उघडणार कशात? म्हणजे तो बोर्ड गेला की तिने अकरा वर्षांत काढलेली सगळी फुलं, वेली, कोयऱ्या आणि एक अर्धवट मोर गेला. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी जे केलं ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात तो संगणक बंद पडायला लागला. बंद म्हणजे गोठायचा. चित्र तसंच, बाण तसाच, आणि काही केल्या हलेना. वाणगावला बायकोच्या भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं. करवल्यांचे सगळे ब्लाउज मावशीने करायचे, सगळ्यांवर एकसारखी चाफ्याची वेल. वेल निम्मी झाली की संगणक गोठायचा. बायको ओरडायची नाही. चष्मा काढायची, मानेच्या मागे हात धरून बसायची, संगणक परत सुरू झाला की पहिल्या पानापासून सुरुवात करायची.

मी झाकण उघडलं. चिपसेटवर बिस्किटाएवढा एक पंखा होता, तो फिरायचा बंद झाला होता. चिपसेट म्हणजे काय, हे मी बायकोला असं समजावलं की प्रोसेसर हा साहेब, आणि चिपसेट हा हेडक्लार्क. साहेब केबिनमध्ये बसून सह्या करतो, पण येणारा जाणारा प्रत्येक कागद हेडक्लार्कच्या हातातून जातो. पंखा बंद झाल्याने हेडक्लार्कला उन्हाळा लागला आहे.

"मग पंखा बदला," बायको म्हणाली.

"त्या मापाचा मिळत नाय."

"बोईसरात विचारलं?"

"विचारलं."

"पालघरला?"

मी कढीपत्त्याला पाणी घालायला बाहेर गेलो.

खरी गोष्ट अशी की मला पंखा नकोच होता. कारखान्यात प्रत्येक पंपावर एक छोटी पट्टी असते. हा पंप किती फिरवायचा, किती ओढायचा, ते त्यावर कोरलेलं असतं. सव्वीस वर्षांत मी एकाही यंत्राला त्या पट्टीच्या पुढे जाऊ दिलेलं नाही. ती माझी नोकरीच आहे. पण संगणकाच्या दुनियेत असे उनाड लोक आहेत, जे प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतात. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी त्यांचं लिहिणं जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचायचो, जसं इतर लोक चटकदार बातम्या वाचतात. आमच्या साहेबावर दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झ लिहिलेलं. हे लोक म्हणायचे, तीन पॉइंट दोनला सहज जातो. फक्त मधला हेडक्लार्क तापतो. त्याला थंड ठेवा.

थंड ठेवा, असं मला सांगत होते. मला.

माझा एक मित्र आमच्याच कारखान्यात इन्स्ट्रूमेंट मेकॅनिक आहे. राहतो मासवणला. कमी बोलतो, कारण बोलायची ताकद शिल्लक राहत नाही. सकाळी भात कापतो, मग पालघरवरून मोटारसायकलने बोईसरला येतो, आठ तास कारखान्यातले काटे दुरुस्त करतो, आणि जाऊन उरलेलं भात कापतो. त्या ऑक्टोबरात तो उभ्या उभ्या झोपायचा. पण तांब्याचा तुकडा हातात दिला की त्याचे डोळे उघडत. मी त्याला चिपसेट दाखवला.

"किती तापतो?" त्याने विचारलं.

"बोट लावून बघ."

त्याने लावलं आणि काढलं. "आयला. यावर भाकरी होईल."

"वहिनीला सांगू नको."

"वहिनी मागेच उभी हाय," तो म्हणाला.

ती खरंच मागे उभी होती. तिने दोघांना चहा दिला आणि मित्राला विचारलं, "भाऊजी, तुमी तरी खरं सांगा, पंखा मिळतो का?"

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "मिळेल," तो म्हणाला, "पण टिकणार नाय." तेवढ्यावर योजना मंजूर झाली.

पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं पन्नाशी गाठलेले बाप्ये, पाळी करून आलेलो, सुट्टीच्या शुक्रवारी पडवीत बसून काडेपेटीच्या निम्म्या आकाराच्या वस्तूला गटार, नळ आणि टाकी बसवत होतो. भंगारवाल्याकडून जाड तांब्याची पट्टी आणली. मित्राने तिचा चौकोनी ठोकळा कापला, त्याच्या आत पाण्याला फिरायला नागमोडी खाच पाडली, वर पितळेचं झाकण बसवलं, झाकणाला दोन तोट्या. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. ठोकळा चिपसेटवर नीट दाबून बसायला हवा, म्हणून स्क्रूंवर बॉलपेनातल्या स्प्रिंगा. मासे ठेवतात त्या काचेच्या टाकीतला पंप आणला. भंगारातल्याच एका गाडीचा छोटा रेडिएटर, त्यातून पाणी गेलं की ते थंड होणार. पाण्याची टाकी म्हणून बायकोची लोणच्याची बरणी.

"ती मोहरीच्या वासाची हाय," बायको म्हणाली.

"धुतली हाय."

"तीन वेळा धुतली तरी वास जात नाय. तुमचा चिपसेट शिंकेल."

रेडिएटर तांब्याचा घ्यायचा की अॅल्युमिनियमचा, यावर मित्राशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, हे कूलिंग टॉवरवाल्याला सांगायची गरज नसते, म्हणून तांब्याचाच घेतला. आणि आमच्या विहिरीचं पाणी खारं, ते घातलं असतं तर महिन्यात सगळं पांढरं झालं असतं, म्हणून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. इतका विचार मी माझ्या लग्नाच्या वेळी केला नव्हता. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तेव्हा बरणी पण नव्हती तुमच्याकडे."

कारखान्यात कुठल्याही कामाला हात लावण्याआधी परमिट लागतं. काम काय, धोके कोणते, काळजी काय घ्यायची, हे लिहून वरच्या माणसाची सही. मी घरीही एक परमिट तयार केलं. वरचं माणूस म्हणून बायकोकडे दिलं. धोक्यांच्या रकान्यात तिने 'नवरा' लिहिलं, काळजीच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, आणि सही केली.

गुरुवारी, खंडेनवमीला, सकाळी कारखान्यात यंत्रांची पूजा होती. ती उरकून संध्याकाळी आम्ही पाण्याची चाचणी लावली. सगळं संगणकाच्या बाहेर, कोरड्या फरशीवर. पंप सुरू, प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळलेला, खाली वर्तमानपत्र. चोवीस तास पाणी फिरवायचं आणि एकही टिश्यू ओला झाला नाही, तरच आत बसवायचं. शुक्रवारी दसरा. संध्याकाळी मित्र आपट्याची पानं घेऊन आला, फरशीवर पालथा पडून त्याने एकेक टिश्यू गालाला लावून बघितला. त्याचं म्हणणं, बोटापेक्षा गालाला ओल लवकर कळते.

"एक थेंब नाय," तो म्हणाला, आणि तिथेच दोन मिनिटं डोळे मिटून पडून राहिला.

आम्ही सगळं आत बसवलं. झाकण लावता येत नव्हतं कारण नळ्या बाहेर येत होत्या, त्यामुळे संगणकाची एक बाजू उघडीच राहिली. बायकोने एम्ब्रॉयडरीच्या मशीनला आणि संगणकाला हळदकुंकू लावलं, दोघांना झेंडूची माळ घातली. "झालं. फूल ठेवलं. आता चालू करा," ती म्हणाली.

"नारळ?" मी म्हणालो.

"सकाळी देवाला फोडला की."

"देवाला वेगळा. घरात पंप सुरू होतोय."

हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. आमच्याकडे कुठलाही पंप, मोठा असो की छोटा, नवा असो की दुरुस्त होऊन आलेला, नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही. नारळ पंपाच्या पायाशी फोडायचा, करवंटीतलं पाणी बोटांनी तीन वेळा पंपावर शिंपडायचं, खोबरं सगळ्यांना वाटायचं आणि मग हिरवं बटण. मॅनेजर परदेशात शिकून आलेला असला तरी तो हात जोडून उभा असतो. मी माझ्या हातांनी असे किती नारळ शिंपडले असतील, मोजदाद नाही.

मित्राने गंभीरपणे मान हलवली. "वहिनी, नारळाशिवाय चालू केला तर बेअरिंग जातं. आमच्या इथे एकदा गेलं होतं."

"माशांच्या पंपाला बेअरिंग असतं?"

"असतं काहीतरी," मित्र म्हणाला.

परसातल्या माडाचा नारळ सोलला. मित्राने तो पडवीच्या पायरीवर फोडला. पाणी भरपूर निघालं. मी करवंटी हातात घेतली, संगणकासमोर उभा राहिलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीचा हात आपोआप उठला. एकदा, दोनदा, तीनदा. खोबऱ्याचे तुकडे वाटले. मित्र टॉर्च घेऊन आतल्या नळ्यांकडे वाकला, कुठे काही गळतंय का बघायला. हिरव्या बटणाचा मान बायकोला. तिने दाबलं.

पंप गुरगुरला. बरणीत बुडबुडे आले आणि गेले. पडदा उजळला. त्याच्या सुरुवातीच्या काळ्या पानावर, जिथे कोणी बघत नाही, तिथे लिहिलेलं मी वाचलं. तीन पॉइंट दोन. आदल्या रात्री मी गुपचूप जुळवून ठेवला होता तो आकडा. खोबऱ्याचा तुकडा गालात तसाच होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताखालचं एक यंत्र पट्टीच्या पुढे पळत होतं, आणि मला ते कोणाला सांगता येत नव्हतं.

मग सॉफ्टवेअर उघडलं. चाफ्याची वेल आली, तिची पहिली तीन पानं आली. आणि पडदा काळा झाला.

पंप चालूच होता. मी मागची वायर ओढली. घरात गरम गुळासारखा वास आला.

"गळलं," बायको म्हणाली.

मित्राने टॉर्च आत घातला. पहिला सांधा, कोरडा. दुसरा, कोरडा. बरणी, कोरडी. ठोकळ्याच्या खाली त्याने कागदाची पट्टी सरकवली, ती कोरडी आली. तो गोंधळून परत पहिल्या सांध्यापाशी आला. मग त्याला मेमरीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक थेंब दिसला. अजून एक चिपसेटच्या शेजारी, खाली जळका डाग. तो थेंब त्याने बोटावर घेतला, वास घेतला आणि जिभेवर ठेवला. कारखान्यात असं करणाऱ्याला घरी पाठवतात.

"गोड हाय," तो म्हणाला.

आम्ही तिघंही करवंटीकडे बघत राहिलो.

बायको स्टुलावर बसली. "चोवीस तास टेस्ट केली ना," ती हळू म्हणाली. "नारळाची केली होती का?"

मित्र म्हणाला, "वहिनी, चूक माझी हाय. टॉर्च माझ्या हातात होता, मी बघत होतो."

"तुमी नळ्या बघत होता. हे तर समोरून शिंपडत होते."

तेव्हा मी सगळंच कबूल करून टाकलं. त्या अवस्थेत काहीही लपवून ठेवणं जमेना. "मी वेग पण वाढवला होता," मी म्हणालो.

"किती?"

"तीन पॉइंट दोन."

"आणि त्याने काय होतं?"

"लवकर होतं."

"काय लवकर होतं?"

वेल काढायला तिला दोन दिवस लागतात, ते तिच्या डोळ्यांना आणि हाताला लागतात. साहेब कितीही पळाला तरी ते दोन दिवस दोनच राहणार होते. हे मला तेव्हा कळलं असं नाही. आधीपासून कळलेलं होतं.

मित्राने बोर्ड बाहेर काढला. बॅटरीचं उरलेलं पाणी त्याच्यावरून ओतून साखर धुऊन काढली, मग मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट, मग जुन्या टूथब्रशने कोपरे. शेवटी बायकोने सूप दिलं, त्यावर मलमलचं फडकं, फडक्यावर बोर्ड, वर दुसरं फडकं. मित्राने फर्मान काढलं की दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचा, घाई केली तर होता नव्हता तोही जाईल. जाताना पायरीवर थांबला. "तुझ्या जागी मी पण शिंपडलं असतं," म्हणाला. भात कापायचं राहिलं होतं, म्हणून गेला.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस. शनिवारपासून तीन दिवसांची मी रजा टाकली. गच्चीवर सुपाशेजारी बसून कावळे हाकलत होतो. ऊन सरकलं की सूप सरकवत होतो. मनात हिशेब चालू होता, तो फुलांचा होता. तगरीच्या त्या बारक्या बुट्ट्या, ज्या तिने आजारातून उठल्यावर काढल्या होत्या. शेवंतीची ती किनार, जी तिला स्वतःलाच इतकी आवडली की तिने ती कोणाला दिलीच नाही. तो अर्धवट मोर. सगळं त्या सुपात वाळत होतं.

आणि बायको? शनिवारी दुपारी ती जेवली आणि झोपली. दुपारी झोपलेली मी तिला कधी बघितलेलीच नव्हती. चार वाजता उठली, केस विंचरले आणि शेजारणीकडे जाऊन बसली. तिथून हसण्याचे आवाज येत होते. रविवारी सकाळी ती वाणगावला बहिणीकडे गेली. संध्याकाळी परत आली, सोबत पिशवीभर शिंगाडे.

"त्यांना सांगून आले," ती म्हणाली. "चाफा होईलसं वाटत नाय. पालघरवरून साधा काठ आणून लावू."

"काय म्हणाली ताई?"

"काय म्हणणार. बरं म्हणाली."

एवढं बोलून ती शिंगाडे उकडायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. शांत होती. माझा अनुभव असा आहे की बायकोचा राग पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, आणि अगदी वरच्या पायरीवर पोचला की असा शांत होतो. ती पायरी मी लग्नानंतर एकदाच बघितलेली. मी शिंगाडे सोलून दिले, भांडी घासली, न सांगता केर काढला. तिने विचारलं, "बरं वाटत नाय का तुमाला?"

रात्री झोप लागेना. एक गोष्ट सारखी मनात यायची. बाहेर कुठेतरी, पालघरला नाहीतर वसईला, बिस्किटाएवढा एक पंखा दुकानात पडून असणार. तो आणला असता तर हे काहीच घडलं नसतं. पण मला तीन पॉइंट दोन बघायचं होतं, आणि मी ते बघितलं, एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. त्या बदल्यात तिची अकरा वर्षं.

सोमवारी मित्राने पाळी बदलून घेतली आणि सकाळीच आला. डोळे लाल. काल पाळीच्या आधीचा आणि नंतरचा सगळा वेळ भाताच्या भाऱ्यांमध्ये गेला होता. "पेशंट कसा हाय?" त्याने विचारलं. मी सूप पुढे केलं. त्याने बोर्ड उन्हात धरला, भिंगातून प्रत्येक कोपरा बघितला. जळका डाग त्याने नखाने खरवडला. खालची तांब्याची रेघ शाबूत होती. "मरायला टेकला होता, पण मेला नसेल," तो म्हणाला. "वेग?"

"जुना. पट्टीवरचा."

"शपथ?"

"शपथ."

आम्ही बोर्ड बसवला. ठोकळा, नळ्या, बरणी परत जोडली. सांध्यांना परत टिश्यू. कोणी फूल आणलं नाही, कोणी कुंकू आणलं नाही. मित्राने घरातलं पिण्याचं पाणीसुद्धा पडवीतून आत नेऊन ठेवायला लावलं. मी माझे दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिलो.

बायको आत भाजी चिरत होती. "या," मी हाक मारली. "तुमीच दाबा." मी तिला कधी तुमी म्हणत नाही. तोंडातून निघालं.

"दाबा तुमीच," ती आतून म्हणाली. मित्राने दाबलं.

पंप गुरगुरला. बरणीत पाणी फिरायला लागलं. पडदा काळाच राहिला, इतका वेळ की मित्राने माझा दंड धरला. मग एक बारीक आवाज आला आणि पडदा उजळला. दोन पॉइंट चार, अगदी मुकाट्याने. सॉफ्टवेअरवर क्लिक केलं तर त्याने थोडा विचार केला, बोर्डाला ओळखलं आणि उघडलं. आतल्या यादीत सगळं होतं. तगर, शेवंती, कोयऱ्या, मोर. मी चाफा उघडला. तीन पानं दिसली, पहिल्या कळीला सुरुवात झालेली. आम्ही पाऊण तास वाट बघितली. त्या पाऊण तासात तो एकदाही गोठला नाही. मी चिपसेटच्या ठोकळ्याला बोट लावलं, तो कोमट सुद्धा नव्हता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट थंड झाली आणि थंड राहिली.

मित्र भिंतीला टेकून खाली बसला, म्हणाला, "आता मी मरतो थोडा वेळ," आणि तिथेच त्याने डोळे मिटले.

मी पुन्हा हाक मारली. या वेळी माझा आवाज नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखा झाला असणार, कारण बायको चिरलेल्या भेंडीचं ताट घेऊनच पडवीत आली. मी बाजूला झालो. पडद्यावर तिचा चाफा, खाली हिरव्या रेघेत पुढचा टाका कुठे घ्यायचा ते लुकलुकत होतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, पाणी येतंय का म्हणून. तिने पडद्याकडे बघितलं, मग स्टुलाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवून म्हटलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो:

"म्हणजे आता परत बसायचं का मी?"